शाळा-कॉलेज चालू असताना बाळाला अंगावर कसं पाजायचं: नागपूरच्या विद्यार्थिनी आईसाठी

बाळंतपण झालं की घरात कुणीतरी म्हणतंच, "आता शाळा राहू द्या." आणि पोरीने शाळा सोडायची नाही म्हटलं, तर लगेच दुसरं येतं, "मग वरचं दूध लावा." नागपुरात बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना ही दोन्ही वाक्यं ऐकून खाली मान घालणाऱ्या मुली मी पाहते. त्यातल्या काहींची बारावी तोंडावर असते, काहींचं अकरावीचं वर्ष अर्ध्यात असतं. हा लेख तुझ्यासारख्या त्या मुलींसाठी आणि त्यांच्या माय-आजींसाठी आहे.

आधी हिशेब मांडू. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज जाऊन-येऊन धरलं तर सहा तासांचं. म्हणजे तुझ्या गैरहजेरीत बाळाचं दोनदा, फार तर तीनदा पिणं येतं. उरलेले अठरा तास ते तुझ्याजवळच आहे. सोय करायची आहे ती या दोन-तीन पाजण्यांची, आणि तीही तुझंच दूध आधी काढून ठेवून करता येते.

पहिले सहा आठवडे: शाळा बाजूला, दूध आधी

जमत असेल तर दीड महिना शाळेत जाऊ नकोस. अंग भरून यायला तेवढे दिवस लागतात आणि दुधाची घडीही याच काळात बसते. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. सुरुवातीला पाजण्यात खंड पडला की पुढे दूध वाढवणं अवघड जातं.

जन्मल्यापासून तासाभरात बाळाला छातीशी घे. सिझेरियन झालं असेल तरी शुद्धीवर आल्यावर सिस्टरला सांगून बाळ जवळ मागून घे. पहिले दोन-तीन दिवस येतो तो पिवळसर, दाट चीक. काही घरांत अजूनही तो पिळून टाकतात. टाकू देऊ नकोस, बाळाला रोगांपासून सांभाळणारे घटक त्यात सर्वांत जास्त असतात. तो चमचाभरच येतो आणि पहिल्या दिवशी बाळाला तेवढाच लागतो. भरपूर दूध साधारण तिसऱ्या दिवसापासून उतरतं, पहिलटकरणीला किंवा सिझेरियननंतर एखादा दिवस उशीरही होतो. "पोरगी लहान आहे, तिला कुठून दूध येणार?" असं कुणी म्हणेल. वय कमी असलं म्हणून दूध कमी येत नाही. ते येतं बाळाच्या ओढण्यावर.

बाळ नीट लागलंय की नाही, हे मात्र शिकून घ्यावं लागतं. पाठीला टेकू घेऊन बस. बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं, डोकं आणि पाठ एका रेषेत, मान वळलेली नको. त्याचं नाक तुझ्या बोंडीसमोर आण आणि थांब. ते जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेल, त्या क्षणी बाळाला छातीकडे आण. छाती वाकवून बाळाच्या तोंडात घालू नकोस, त्याने पाठ धरते. नुसती बोंडी नव्हे, भोवतालचा काळसर भाग, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर आणि मधूनमधून गिळण्याचा आवाज, एवढं दिसलं की जमलं. पहिले काही क्षण दुखलं तर चालेल. पिण्याच्या पूर्ण वेळात दुखत असेल तर बाळ नीट लागलेलं नाही. स्वच्छ करंगळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून त्याला सोडव आणि पुन्हा लाव. चिरा पडल्या असतील तर शेवटचं दूध बोंडीला लावून वाळू दे. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाज, किंवा बाळाला काखेखाली धरून, त्याचे पाय तुझ्या पाठीकडे ठेवून.

आशाताईंना नाही म्हणू नकोस. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायला हव्यात. आल्या की त्यांच्यासमोर पाजून दाखव. लाज वाटेल, पण शंभर सल्ले ऐकण्यापेक्षा एकदा कुणी जाणत्याने पाहिलेलं बरं.

दूध पुरतंय का?

"बाई, याचं पोट नाही भरून राहिलं." रडणाऱ्या बाळाकडे पाहून हे वाक्य येतं आणि दुपारपर्यंत पावडरचा डबा घरात येतो. बाळ रडतं ते गरम होतं म्हणून, लंगोट ओला म्हणून, कुशीत यायचं म्हणूनही. पुरतंय की नाही हे लंगोटावरून मोज. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा शू आणि तीही फिकट रंगाची हवी. वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतंच, दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. अंगणवाडीत किंवा मनपाच्या आरोग्य केंद्रात वजन करून कार्डावर लिहून घे. हातातलं कार्ड दाखवलं की घरातला वादही लवकर मिटतो.

शू कमी झाली, बाळ प्यायला उठतच नाही, अंग फार गार किंवा गरम लागतं, श्वास भराभर चालतो, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, यातलं काहीही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नकोस. गांधीबागेतलं डागा, मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे ने. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत.

घरातल्यांसाठी: पाणी, मध, घुटी

तू शाळेत जाशील तेव्हा बाळ आजीच्या मांडीवर असेल, म्हणून हे आजीला वाचून दाखव.

आजी, पहिले सहा महिने बाळाला पाणीसुद्धा द्यायचं नाही. नागपूरचा मे महिना ४५ अंशांवर जातो तेव्हाही नाही. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागेल, तेवढ्या वेळा दूध द्यायचं. वरून पाणी पाजलं की इवलंसं पोट पाण्यानेच भरतं, दूध कमी जातं आणि पाणी खराब असेल तर हगवण लागते. मध तर वर्षभर चाटवायचा नाही, त्यातले जंतू लहान बाळाला गंभीर आजार करू शकतात. घुटी, ग्राइप वॉटर, साखरेचं पाणी नको. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र द्यायचे. बाळाची खोली गार ठेवायला कूलर चालेल, फक्त वारा थेट अंगावर येऊ देऊ नका. बाजेखाली धुराची शेगडी नको. धूर बाळाच्या छातीत जातो.

बाटलीही नको. बाटलीचं बूच ओढण्याची आणि छाती ओढण्याची रीत वेगळी आहे. बाटलीची सवय लागलेलं बाळ संध्याकाळी आई घरी आली की छाती नाकारू शकतं. शिवाय बाटली नीट धुतली जात नाही. बाटल्या आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती याच काळजीपोटी. वाटी-चमचा किंवा बोंडलं पुरेसं आहे.

शाळा सुरू होण्याआधीचे दोन आठवडे

दीड महिन्याच्या लसी झाल्या की तयारीला लाग. या दोन आठवड्यांत तुला दूध काढायला शिकायचं आहे, बाळाला वाटीने प्यायला, आणि आजीला पाजायला.

दूध हाताने काढता येतं, पंप हवाच असं नाही. हात साबणाने धू. रुंद तोंडाची स्टीलची वाटी आणि झाकणाचा डबा दहा मिनिटं उकळून घे. छातीला कोमट ओला कपडा ठेव, हलक्या हाताने चोळ. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, बोंडीपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेव. आधी मागे, बरगड्यांकडे दाब, मग बोटं एकमेकांकडे दाब, मग सोड. बोटं कातडीवर घासायची नाहीत आणि बोंडी ओढायची नाही. सुरुवातीला थेंबच येतील, मिनिटा-दोन मिनिटांत धार लागते. धार मंदावली की बोटांची जागा फिरव. दोन्ही बाजू मिळून वीस-तीस मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी वाटीचा तळ जेमतेम झाकला तर रडू नकोस, हात बसायला आठवडा जातो. पहाटेच्या पाजणीनंतर काढ, त्या वेळी दूध जास्त असतं. बाळ जवळ असेल किंवा त्याचं दुपटं नाकाशी धरलं तर पान्हा लवकर फुटतो.

किती लागेल? एक ते सहा महिन्यांचं बाळ तासाला साधारण २५ ते ३० मिली पितं. सहा तासांसाठी १५० ते १८० मिली धर. एका डब्यात सगळं ठेवू नकोस. साठ-साठ मिलीचे तीन छोटे डबे केलेस तर बाळाने एकदा कमी प्यायलं तरी थोडंच वाया जातं.

साठवताना मात्र नागपूरचं हवामान लक्षात ठेव. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत काढलेलं दूध चार तास टिकतं. डिसेंबर-जानेवारीत खोली गार असेल तर ते जमेल. फेब्रुवारी लागला की दुपारची खोली २५ अंशांच्या वर जाते, तेव्हा काढल्या काढल्या फ्रिजमध्ये. दारात नाही, आतल्या बाजूला, मागे. डब्यावर वेळ लिही. घरच्या सतत उघडझाप होणाऱ्या फ्रिजमधलं दूध २४ तासांत संपव, आणि लाइट बराच वेळ गेली असेल तर त्याच्यावर विसंबू नकोस. फ्रिज नसेल तर जाण्याच्या अगदी आधी काढलेलं दूध गार जागी झाकून ठेव आणि पहिल्या पाजणीला वापरायला सांग. अशा घरात मधल्या सुट्टीत बाळाला शाळेपाशी आणण्याचा मार्ग मला जास्त पटतो, त्याबद्दल पुढे सांगते.

पाजताना डबा कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायचा. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नाही. वर साय जमलेली दिसेल, हलवली की मिसळते. बाळाला उभट धरून वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि दूध फक्त ओठाला लागू द्यायचं. बाळ स्वतः चाटून पितं. दूध तोंडात ओतलं तर ठसका लागतो. वाटीत उरलेलं दूध परत फ्रिजमध्ये जात नाही. बाळ तुझ्या हातून वाटीने पिणार नाही, त्याला छातीचा वास येतो. आजी पाजत असताना तू दुसऱ्या खोलीत जा.

शाळेचा दिवस

उठल्यावर एकदा आणि दप्तर खांद्याला लावण्याआधी पुन्हा एकदा, पोटभर पाज. दुसरी पाजणी घाईत होऊ नये म्हणून अर्धा तास राखून ठेव. घरी आलीस की हातपाय धू आणि आधी पाज. येण्याच्या तासभर आधी बाळाला वाटीचं दूध देऊ नका असं आजीला सांगून ठेव, नाहीतर तू भरलेली छाती घेऊन येशील आणि बाळ ढाराढूर झोपलेलं असेल.

शाळा जवळ असेल आणि कुणी आणून देणारं असेल तर मधल्या सुट्टीत बाळालाच आणणं सगळ्यांत सोपं. त्यासाठी आधी एका मॅडमना विश्वासात घे. वर्गाला सांगायची गरज नाही, मुख्याध्यापकांना आणि एका शिक्षिकेला माहीत असलं तरी भागतं. त्यांच्याकडे नेमकं माग: आतून कडी लागेल अशी खोली, एक खुर्ची, हात धुवायला पाणी, वीस मिनिटं. ग्रंथालयाची मागची खोली, मुलींची विश्रांतीची खोली, प्रयोगशाळेची कोठी, काहीही चालेल. स्वच्छतागृहात दूध काढू नकोस. कुणाचंही जेवण आपण तिथे करणार नाही, बाळाचंही नको.

बाळ येऊ शकत नसेल तर तीन तासांच्या आत एकदा दूध काढ. तसं केलं नाही तर छाती दगडासारखी दाटते, शिकवण्याकडे लक्ष राहत नाही आणि काही दिवसांत दूध घटायला लागतं. ते दूध घरी न्यायचं असेल तर बर्फाच्या पॅकसह जाड पिशवीत किंवा बर्फाने गार केलेल्या थर्मासमध्ये ठेव. एप्रिलच्या उन्हात बर्फाशिवाय बसमधून आणलेलं दूध बाळाला देऊ नकोस. जीवावर येईल, पण फेकून दे. काढल्यामुळे उद्याचं दूध टिकलं, तो फायदा झालेलाच आहे.

मध्येच पान्हा फुटून कपडे भिजतात, विशेषतः दुसऱ्या कुणाचं बाळ रडलं की. छातीशी दोन्ही हात घट्ट बांधून दाबलं की धार थांबते. सुती कापडाच्या चार घड्या किंवा पॅड आत ठेव, ओले झाले की बदल. दप्तरात एक जादा कुर्ता आणि ओढणी असू दे. गणवेशाला पुढून बटणं करून घे. आतला कपडा घट्ट नको, त्याने दुधाच्या गाठी होतात.

अभ्यासाचं म्हणशील तर दूध पाजताना जाड पुस्तक धरू नकोस. धडे स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि पाजताना ऐक. सूत्रं मोठ्या अक्षरात लिहून समोरच्या भिंतीवर लाव. रात्री बाळ उठलं की दूध तूच पाज, रात्रीच्या पाजण्याने दूध टिकतं. पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं दुसऱ्या कुणीतरी करावं. हे मी घरातल्या पुरुषांना उद्देशून लिहिते आहे.

बोर्डाचा पेपर

बारावीचा पेपर तीन तासांचा, आणि केंद्रावर आधी पोहोचायचं असतं. म्हणजे चार-साडेचार तासांची ताटातूट. आठवडाभर आधी केंद्र बघून ये. शक्य असेल तर आजीने बाळाला घेऊन केंद्राजवळच्या एखाद्या ओळखीच्या घरी थांबावं. आत जाण्याआधी दोन्ही बाजूंनी पाज, बाळ झोपलेलं असेल तर हाताने दूध काढून घे. जाड पॅड लाव, गडद किंवा फुलाफुलांचा कुर्ता घाल. पाण्याची बाटली ने. केंद्र संचालकांना पहिल्याच दिवशी शाळेच्या मॅडममार्फत कल्पना दिलेली असली, तर अडचणीच्या वेळी बोलायला सोपं जातं. पेपर सुटल्यावर मैत्रिणींशी उत्तरं ताडून पाहू नकोस, बाळ वाट पाहतंय.

तुझं खाणं, तुझं अंग

तू अजून वाढीच्या वयात आहेस आणि दूधही तयार करते आहेस. पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन जादा वेळा जेवण. भाकर, वरण-भात, पालेभाजी, अंडी, शेंगदाणे-गूळ, फुटाणे, अळीवाची खीर, दही, सगळं खा. संत्र्यांच्या या शहरात बाळंतिणीला मात्र संत्रं बंद करतात, बाळाला सर्दी होईल म्हणून. होत नाही. खा. पाजायला बसलीस की पाण्याचा तांब्या शेजारी असू दे. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते, कॅल्शियमही सहा महिने. दोन्ही सरकारी केंद्रात मोफत मिळतात; एकत्र घेऊ नकोस, मध्ये दोन तास जाऊ दे. अंगणवाडीत नाव लावलंस तर सहा महिने पोषण आहारही मिळतो.

छातीचा एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला आणि ताप भरला तर डॉक्टरांकडे जा, पण पाजणं थांबवू नकोस. ते दूध बाळाला चालतं. अंगावर पाजते आहे म्हणून दिवस राहणार नाहीत, यावर शाळेत जाणाऱ्या मुलीने विसंबू नये. पाजण्यांत चार तासांहून मोठा खंड पडला की तो भरवसा उरत नाही. दीड महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांना किंवा आशाताईंना गर्भनिरोधक साधनांबद्दल विचार.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर बोल. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

कागदपत्रं

डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडून रजेचा अर्ज शाळेत दे आणि पोच घे. बोर्डाच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरीची अट असते, त्यामुळे वैद्यकीय कारण लेखी नोंदवलेलं असलेलं बरं. वर्ष जाणारच असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसता येतं. राज्याच्या मुक्त विद्यालयाचा आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्गही आहे. शाळा आपणहून दाखला हातात ठेवत असेल तर लगेच सही करू नका, आधी शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा.

तुझं वय १८ च्या आत असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे रुग्णालयाला पोलिसांना कळवावंच लागतं. त्या भीतीने दवाखाना टाळू नकोस, पोलिसांचे कागद व्हायचे आहेत म्हणून उपचार अडवता येत नाहीत. कुणी जबरदस्ती केली असेल, मारहाण होत असेल, घरातून काढलं असेल, तर १०९८ वर फोन कर. हा मुलांसाठीचा चोवीस तासांचा क्रमांक आहे. ते तुला बालकल्याण समितीपर्यंत पोहोचवतात.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने पूर्ण झाले की शाळेच्या वेळेतलं ओझं हलकं होतं. आजी कुस्करलेला घट्ट वरण-भात, तुपाचा थेंब घातलेली मऊ खिचडी, केळं, उकडलेला बटाटा देऊ शकते. वरणाचं नुसतं पाणी नको, त्याने पोट भरतं पण अंग धरत नाही. काढून ठेवायचं दूध हळूहळू कमी होईल. शाळेत काढणं एकदम बंद करू नकोस, चार-पाच दिवसांनी थोडं थोडं कमी कर, म्हणजे गाठी होणार नाहीत. सकाळ, संध्याकाळ आणि रात्रीचं अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवता येतं.